पथ्य सांगून सांगून डॉक्टरच थकतो तेव्हा

कृष्णाकाठचा_डॉक्टर

कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. फिजिशियन आहे. बरेच दिवस मनात साचलेलं इथे लिहितोय, कारण इथे डॉक्टरही आहेत, पेशंटही आहेत आणि पेशंटच्या घरचेही. तिघांचंही ऐकायचं आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांत शुगर आणि बीपीचे पेशंट सर्वांत जास्त. गोळी लिहून दिली की घेतात, अगदी वेळेवर घेतात. एखादी गोळी कमी केली तर उलट नाराज होतात. पण चहातली साखर बंद करा, रात्री लवकर जेवा, रोज अर्धा तास चाला, तंबाखू सोडा, एवढं म्हणायचा अवकाश, माणूस समोर बसलेला असतो पण मनाने उठून गेलेला असतो. ‘व्हय डॉक्टर’ म्हणतो, मान हलवतो, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा) साडेनऊवरून सव्वादहावर गेलेला असतो.

परवा एक बागायतदार आले. पन्नाशी उलटलेली, अंगाने सडसडीत, पत्नी सोबत. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम, त्यावर हळद दाबलेली आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधलेली. उसाला पाणी पाजताना भिजू नये म्हणून. दुखतं का विचारलं तर ‘अजिबात नाही’ म्हणाले, आणि ते चांगलं लक्षण समजून म्हणाले. आमच्याकडे नायलॉनची एक बारीक तार असते, ती तळपायाला टेकवून स्पर्श कळतो का ते बघतात. त्यांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, तार लागली की ‘लागली’ म्हणा. अंगठा, चवडा, टाच, सगळीकडे टेकवली. ते डोळे मिटून वाट बघत बसले. शेवटी म्हणाले, “करा की सुरू.” त्यांच्या पत्नी बघत होत्या. तार पायाला टेकून वाकते आहे आणि नवऱ्याला पत्ता नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्यांना शुगर आहे हे सहा वर्षांपूर्वी कळलेलं. फाईलमध्ये दर वेळी माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: साखर बंद, चालणे, पायांची काळजी. मी विचारलं, दिवसात चहा किती होतो? तर घरी दोन, रानात एक, सोसायटीत एक, आणि कोणाच्या दारात गेलं की तिथे. “पाव्हण्याच्या घरात चहा न्हाई म्हटलं तर रागावल्यागत दिसतंय, डॉक्टर.” कपाला दोन चमचे धरले तरी सहा कपांत साठेक ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पन्नास ग्रॅमच्या आत राहा म्हणते, जमलं तर पंचवीस. आणि ते साध्या निरोगी माणसासाठी.

राग येत नाही मला. राग आला असता तर संध्याकाळपर्यंत उतरला असता. होतं असं की तेच वाक्य बोलताना आवाजातला जीव कमी झालेला माझा मलाच ऐकू येतो. समोरच्यालाही येत असणार. काही वेळा पथ्याचं बोलायचं सोडून सरळ गोळी वाढवण्याकडे हात जातो. बाहेर बाकावर वीस माणसं असतात, आणि गोळी वाढवली की पेशंट खूश होऊन जातो.

आयसीएमआर या देशातल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेही १० कोटींच्या वर आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटींच्या वर. त्या उंबरठ्यावरच्या लोकांना आत येण्यापासून थांबवायला जीवनशैलीतल्या बदलाइतकं चांगलं साधन नाही, हे आम्ही शिकलो, परीक्षेत लिहिलं. मग इथे, माझ्या टेबलावर, ते का चालत नाही?

डॉक्टर मंडळी, तुम्ही काय करता? आणि पेशंट मंडळी, डॉक्टर पथ्य सांगतो तेव्हा तुमच्या मनात नेमकं काय चालतं? मोकळेपणाने लिहा.

---

तीन_पाळीवाला

डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर आहे. शुगर चार वर्षांपासून. आमच्या पाळ्या आठवड्याला बदलतात: पहिली, दुसरी, रात्रपाळी.

‘रात्री आठच्या आत जेवा’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा माझ्या मनात येतं की दुसऱ्या पाळीला आठ वाजता मी मशीनसमोर उभा असतो. जेवणाची सुट्टी साडेआठला, अर्धा तास, त्यात कॅन्टीनची रांग. रात्रपाळीला तर पहाटे तीनला पोटात आग पडते, तेव्हा मिळतं काय? वडा, बिस्किटं आणि मशीनचा गोड चहा. त्या मशीनला बिनसाखरेचं बटण नाही. सकाळी सातला सुटलो की झोपायचं की चालायचं?

हे मी डॉक्टरांना सांगत नाही. का सांगत नाही, तर त्यांना वेळ नसतो आणि मी काही बोललो की ‘कारणं सांगू नका’ असं एकदा ऐकलेलं आहे (तुमच्याकडून नाही, दुसरीकडे). त्यामुळे ‘हो’ म्हणतो आणि निघतो. तो ‘हो’ म्हणजे होकार नसतो, निरोप असतो.

---

माजघर

वाचून बागायतदारांच्या पत्नीच डोळ्यासमोर राहिल्या. त्यांच्याच बाजूने लिहिते.

माझ्या सासूबाईंना शुगर, सासऱ्यांना बीपी, नवऱ्याला दोन्हींचा उंबरठा. तिघांच्या तीन चिठ्ठ्या फ्रिजवर. एकीला भात कमी, एकाला मीठ कमी, एकाला तेल कमी. स्वयंपाकीण एकच आणि सकाळी साडेआठला मुलांचे डबे. डॉक्टर पथ्य पेशंटला सांगतात, पण पेशंट कधी कढईजवळ येतो का? आमच्याकडे सासरे जेवताना वरून मीठ घेतात, मी मिठाचं भांडं टेबलावरून उचललं तर दोन दिवस अबोला. सासूबाई मात्र सगळं ऐकतात आणि दुपारी सगळे झोपले की बुंदीचे लाडू खातात. मी बघते आणि काही बोलत नाही. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांना वाढून उरलेलं खाल्लंय. आता हवं ते खायची वेळ आली तर पथ्य आलं. मला त्यांच्या हातातला लाडू काढून घेववत नाही.

चालण्याचं सांगता ना, त्याचंही ऐका. आमच्या गावात बाईमाणूस हातात पिशवी नसताना रस्त्याने चालत निघालं की चार जण विचारतात, ‘कुठं निघालात?’ ‘चालायला’ हे उत्तर सासूबाईंना देताच येत नाही, लाज वाटते त्यांना. गुडघे दुखतात म्हणून घरात बसतात. आणि ह्याच सासूबाई दर वर्षी लोणंदपासून माउलींच्या पालखीत पंढरपूरपर्यंत चालत जातात. गुडघ्याला तेल लावतात, पट्टा बांधतात आणि चालतात. दिंडीत बरोबरीच्या बायका असतात, तोंडात अभंग असतो आणि कुठे निघालात असं कोणी विचारत नाही. परत आल्या की महिनाभर शुगर चांगली असते. डॉक्टर म्हणतात वा, औषध लागू पडलं.

---

रोखठोक_बापू

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

वरच्या दोघांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण ज्यांना काहीही अडचण नाही त्यांचं काय? माझे सख्खे मोठे भाऊ निवृत्त शिक्षक. पेन्शन आहे, वेळ आहे, घरासमोर शाळेचं मैदान आहे. वहिनी वेगळं करून द्यायला तयार. तरी माणूस संध्याकाळी चौकात भजी खाणार म्हणजे खाणार. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तस्राव झाला, लेझर झालं, तरी तेच. स्वतःच्या जिवाची स्वतःला किंमत नाही तिथे डॉक्टरने का झुरावं? सांगायचं काम डॉक्टरचं, करायचं काम पेशंटचं. दोन्ही ओझी डॉक्टरने वाहिली तर तोच आजारी पडेल. साहेब, तुम्ही तुमचं काम करताय. रात्री शांत झोपा.

---

नेफ्रोची_पायरी

बापू, तुमच्या भावाचं दुःख तुमच्या शब्दांत दिसतंय. माझे वडील असेच. आठवड्यातून तीन वेळा त्यांना डायलिसिसला न्यायचो, दर वेळी चार तास. त्या खोलीच्या बाहेर बसून मी एक गोष्ट शिकलो. तिथे प्रत्येक जण म्हणतो, ‘असं होईल हे कुणी सांगितलंच नाही.’ माझे वडीलही म्हणायचे. त्यांना शंभरदा सांगितलेलं होतं, मी स्वतः हजर होतो. पण ‘किडनी खराब होईल’ हे त्यांच्या कानावर पडलं तेव्हा त्यांच्या अंगात काहीच दुखत नव्हतं. शेतकरी माणूस, बैल लंगडला तर औषध आणायचा. जे दुखत नाही त्याचं औषध करणं त्यांच्या हिशोबात बसलंच नाही.

डॉक्टर, तुम्ही ती तार टेकवून दाखवलीत ना, ते फार मोलाचं आहे. आमच्या वडिलांना कुणी तसं दाखवलं असतं तर, असं वाटून गेलं. सांगणं थांबवू नका एवढीच विनंती.

---

पीएचसी_एमओ

मी मराठवाड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी आहे. तुमचं सगळं माझंच आहे असं वाटलं. फक्त आमच्याकडे उसाऐवजी मशेरी आणि गायछाप. आमची आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे फॉर्म भरते, बीपी-शुगर तपासायला उपकेंद्रावर पाठवते. सापडतात भरपूर. सापडल्यावर पुढे काय, तिथे गाडी अडते.

मला एका गोष्टीने थोडं सावरलं, ती सांगतो. सवय बदलणारा माणूस टप्प्याटप्प्याने बदलतो, हे प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या दोघांनी सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून मांडलं. एक जण अजून विचारच करत नसतो, दुसरा विचारात असतो पण दोन मनांत असतो, तिसरा तयारीला लागलेला, चौथा करतोय, पाचवा टिकवतोय. आणि घसरून परत मागे येणं हेही त्यातच धरलेलं. आम्ही सगळ्यांना चौथ्या टप्प्याचं भाषण देतो. जो अजून विचारच करत नाही त्याला ‘रोज अर्धा तास चाला’ सांगून काय होणार?

आता मी मशेरी लावणाऱ्या आजीला ‘सोडा’ म्हणत नाही. विचारतो, ‘मशेरीचं बरं काय वाटतं?’ आधी त्या चपापतात, मग सांगतात. सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं, शेजारणीबरोबर अंगणात बसून लावायची सवय. मग विचारतो, ‘आणि वाईट काय वाटतं?’ तेही त्याच सांगतात. नातवाचा मुका घेता येत नाही, सून नाक मुरडते, दात हलतात. त्यांच्या तोंडून आलेलं कारण माझ्या तोंडच्या कॅन्सरच्या चित्रापेक्षा जास्त लांब जातं. अमेरिकेतल्या विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारू सोडवण्याच्या कामातून ही बोलण्याची पद्धत प्रथम मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर वाढवली. एमबीबीएसला कुणी शिकवलं नाही, नंतर एका प्रशिक्षणात कळलं.

सगळे सोडतात का? नाही. पण माझा जीव कमी थकतो, कारण मी भिंतीला ढकलत नाही.

---

हडसनतीर

न्यू जर्सीत राहते. मला उंबरठ्यावरची शुगर निघाली तेव्हा इथल्या डॉक्टरांनी वर्षभर चालणाऱ्या एका गटात पाठवलं. सुरुवातीला दर आठवड्याला तासभर भेट, नंतर महिन्याला. एक मार्गदर्शक बाई, बारा-पंधरा माणसं, बहुतेक आपल्यासारखीच नोकरी-संसारवाली. आठवडाभर काय खाल्लं ते वहीत लिहायचं, दर वेळी वजन, आणि कुठे अडलं त्यावर गप्पा. दिवाळी आली तेव्हा मी म्हटलं आता माझं काही खरं नाही. त्या बाईंनी मला फराळ बंद करायला सांगितलं नाही. विचारलं, त्यातलं तुला सगळ्यात प्रिय काय? म्हटलं, चिरोटे. मग म्हणाल्या, ते खा आणि बाकीचे आवडतात म्हणून खातेस की समोर आहेत म्हणून, ते बघ. शंकरपाळ्यांशी माझं काहीच नातं नव्हतं हे तेव्हा कळलं.

हे एकटीने, डॉक्टरांच्या एका वाक्यावर, मी केलं नसतं. अजिबात नाही.

---

कृष्णाकाठचा_डॉक्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. बापूंचेही, त्यांनी माझ्या झोपेची काळजी केली.

हडसनतीर, तुम्ही ज्या गटात गेलात त्याचं मूळ ज्या अभ्यासात आहे तो मी तुमचा प्रतिसाद वाचून पुन्हा काढून वाचला. अमेरिकेतला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम, निष्कर्ष २००२ मध्ये आले. उंबरठ्यावरची ३,२३४ माणसं. एका गटाला जीवनशैलीतला बदल, एकाला मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी, एकाला औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. साधारण तीन वर्षांत बदल करणाऱ्या गटात नवा मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. हे ५८ आणि ३१ प्रत्येक डॉक्टरला पाठ असतात.

पण त्या ५८ टक्क्यांमागे काय होतं ते पाठ नसतं. प्रत्येकाला नेमून दिलेला एक मार्गदर्शक, पहिल्या चोवीस आठवड्यांत सोळा बैठका, त्यानंतरही संपर्क. आणि तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला काय मिळालं? छापील माहिती, आणि वर्षातून एकदा वीस-तीस मिनिटं बसून आहार-व्यायामाचा सल्ला. म्हणजे मी माझ्या दवाखान्यात जे देतो, ते त्या तुलनेच्या गटाला मिळालेलं आहे. खरं तर त्याहूनही कमी. बदल करा असं सांगून झालेला परिणाम आणि बदलासाठी वर्षभर सोबत राहून झालेला परिणाम यांतलं अंतर म्हणजे तो ५८ चा आकडा. पेशंट ऐकत नाही असं म्हणताना मी त्या अभ्यासातल्या पहिल्या गटाच्या निकालाची अपेक्षा धरत होतो.

आणखी एक आकडा. एवढं सगळं देऊनही सात टक्के वजन कमी करायचं ध्येय चोवीस आठवड्यांनी निम्म्याच लोकांना गाठता आलं, आणि अभ्यासाच्या शेवटी ३८ टक्केच तिथे होते. तरी मधुमेह निम्म्याहून जास्त टळला. सगळ्यांनी सगळं करावं लागत नाही. हे वाचून मला कितीतरी हलकं वाटलं.

आपल्याकडचंही सांगतो, नाहीतर ‘ते अमेरिकेतलं’ असं कोणी म्हणेल. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाचा अभ्यास २००६ चा. तिथे जीवनशैलीने धोका साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिनने सव्वीस टक्क्यांच्या जवळपास, आणि दोन्ही एकत्र देऊन त्यात भर पडली नाही. लक्षात घेण्यासारखं म्हणजे ही माणसं अमेरिकेतल्यांइतकी जाडही नव्हती. आपल्या अंगाची ठेवणच वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका इंग्रज सहकाऱ्याशेजारी उभं राहून ते दाखवलं. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तो फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ‘मी बारीक आहे, मला कशाला पथ्य’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवावा असं वाटतं.

रामचंद्रन यांच्याच गटाने पुढे नोकरदार पुरुषांना आठवड्याला दोन-चार मोबाईल संदेश पाठवून बघितले. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांत १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळणाऱ्यांत २७ टक्क्यांना. २०१३ चं काम आहे. पीएचसी_एमओ, ते संदेश तुम्ही सांगितलेल्या टप्प्यांनुसारच बेतलेले होते.

तीन_पाळीवाला, तुमचा ‘हो’ मी आता कधी विसरणार नाही. रात्रपाळीला घरून नेता येईल असं काय काय आहे ते आहारतज्ज्ञ कोणी असतील तर सांगतील का? भाजलेले फुटाणे, उकडलेली अंडी, ताक, काकडी एवढं मला सुचतं.

---

मृद्गंध_आहार

आहारतज्ज्ञ आहे, सांगलीकडची. तीन_पाळीवाला, डॉक्टरांची यादी उत्तम आहे. त्यात मोड आलेली मटकी वाफवून घाला, आणि रात्रपाळीचं मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी घरी करा. पहाटे तीनला जेवण नको, ही लहान शिदोरी पुरते. सकाळी घरी येऊन लगेच झोपायचं असेल तर झोपा. झोप तोडून चालू नका. चालणं उठल्यावर. चहा मशीनचा नकोच, छोट्या थर्मासमध्ये बिनसाखरेचा न्या.

माजघर, तुमच्यासाठी. तीन पथ्यांचे तीन स्वयंपाक करू नका, कुणाच्यानेच होत नाहीत. मी घरी आलेल्या बायकांना एकच प्रश्न विचारते, तेलाचा डबा किती दिवसांत संपतो? माणशी महिन्याला अर्धा लिटर हा माझा हिशोब. पाच माणसं, अडीच लिटर. बहुतेक घरांत दुप्पट निघतं. महिन्याचं तेल पहिल्या तारखेला बरणीत काढून ठेवा, तेवढ्यातच भागवायचं. यात कुणाशी भांडावं लागत नाही आणि वेगळं शिजवावंही लागत नाही. मिठाचं तसंच. भांडं उचलू नका, अबोला होतो. शिजवतानाच दर आठवड्याला चिमूटभर कमी करत जा, जीभ हळूहळू सवय करून घेते. पापड-लोणचं-खर्डा यांतलं एका जेवणाला एकच.

उपवासाचंही सांगून टाकते, कारण आमच्याकडे एकादशीच्या दुसऱ्या दिवशी शुगरचे पेशंट हमखास घाबरून येतात. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास मोडायला सांगू नका, ऐकणार नाहीत आणि त्यांना वाईट वाटतं. त्याऐवजी थोडी वरई, दाण्याची आमटी, लाल भोपळ्याची भाजी, ताक. देवही तोच आणि एकादशीही तीच.

गुळाबद्दल कळकळीने: गूळ चालत नाही. सेंद्रिय असला तरी, काकवी असली तरी. उसाच्या पट्ट्यात हे सांगताना मला दर वेळी घरातल्या माणसाविरुद्ध साक्ष दिल्यासारखं वाटतं, पण सांगावंच लागतं.

---

उत्तरवारा

गुळावरून लिहितोय. सार्वजनिक आरोग्य शिकलो आहे. उसाच्या पट्ट्यात साखर सोडा म्हणणं अवघड, तसं एका भागात लोणी सोडा म्हणणं अवघड होतं. फिनलंडच्या पूर्वेकडचा उत्तर कारेलिया. दुधाचा धंदा करणारी, जंगलात राबणारी माणसं. खाणं लोणी, मलईचं दूध, खारवलेलं मांस, आणि पुरुषांत सिगारेट. तिथे ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने मरायचे, जगात सर्वांत जास्त प्रमाणात. १९७१ मध्ये तिथल्या लोकांनीच सरकारकडे अर्ज केला की काहीतरी करा. १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला, प्रमुख पेक्का पुस्का नावाचे तरुण डॉक्टर.

त्यांनी डॉक्टरांना नुसतं बोलायला लावलं नाही. तिथल्या गृहिणींच्या ‘मार्था’ या जुन्या संघटनेला हाताशी धरलं. त्या बायकांनी गावोगावी सभा भरवून नेहमीचेच पदार्थ कमी चरबीत आणि जास्त भाज्या घालून शिजवून दाखवले, लोकांना खाऊ घातले. सॉसेज करणाऱ्यांशी बोलून चरबी आणि मीठ कमी करून घेतलं. दूधवाल्यांचा विरोध होता, कारण पोटाचा प्रश्न होता, म्हणून शेतकऱ्यांना बेरीची फळं लावायला मदत केली. तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू पुढच्या काही दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटले.

रोखठोक बापू, तुमच्या भावाने भजी खाऊ नयेत हे खरंच. पण चौकात संध्याकाळी भज्यांच्या गाडीशिवाय बसायला दुसरं काय आहे, हेही विचारावं लागेल. आपल्या राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, चोरून विक्री अजून होते हे सगळे जाणतात, तरी शाळेच्या दारात उघड माळा लटकायच्या त्या गेल्या. माणसाच्या भोवतालचं बदललं की त्याला बदलायला कमी जोर लागतो. डॉक्टर एकटा हे करू शकत नाही. पण गावात त्याच्या शब्दाला जे वजन असतं ते सोसायटीच्या चेअरमनलाही नसतं. सोसायटीच्या बैठकीत चहा बिनसाखरेचा आणि साखर वेगळ्या वाटीत, एवढं एक तुम्ही सुचवून बघा.

---

रोखठोक_बापू

उत्तरवारा, हे पटलं. भाऊ भज्यांसाठी जात नाही, चौघांत बसायला जातो. शाळेच्या मैदानावर कट्टा आहे. त्यांच्या मित्रांना मीच बोलावतो तिथे, मोकळ्या हाताने नाही, भाजलेल्या शेंगा घेऊन.

---

माजघर

मृद्गंध ताई, तेलाची बरणी आजच भरली. सासूबाईंनी विचारलं हे काय, म्हटलं महागाई. लगेच पटलं.

डॉक्टर, एक विचारू? दिंडीतल्या बायका बाकीचं वर्ष गावातच असतात. सकाळी देवळापर्यंत काकड आरतीला चालत जायचं आणि येताना लांबच्या पाणंदीने यायचं, असं सात-आठ जणींचं ठरतंय. ‘कुठं निघालात’ला उत्तर आहे, देवळात. पण त्यातल्या तिघींना शुगरच्या गोळ्या आहेत, एक इन्सुलिन घेते. उपाशीपोटी चालावं का? रस्त्यात चक्कर आली तर?

---

कृष्णाकाठचा_डॉक्टर

माजघर ताई, फार चांगलं करताय. नीट सांगतो, तिघींना वाचून दाखवा.

नुसती मेटफॉर्मिन असेल तर चालताना शुगर खाली जाण्याची भीती अगदी कमी. ग्लिमेपिराइड किंवा तशा जातीची गोळी असेल, आणि इन्सुलिन घेणारी असेल, तर निघताना थोडं खाऊन निघा: अर्धी भाकरी, नाहीतर कपभर दूध. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न खाता चालायला निघायचं नाही. गोळीचं नाव वाचता येत नसेल तर पाकीट घेऊन माझ्याकडे किंवा तिच्या डॉक्टरांकडे जा. इन्सुलिनवाल्या बाईने सुरुवात करण्याआधी एकदा दाखवून जावंच, डोस बघावा लागेल.

प्रत्येकीच्या कनवटीला साखरेची पुडी हवी, तीन चमचे. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर जागीच बसायचं, साखर खाऊन पाणी प्यायचं. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखान्यात आणा. छातीत दुखलं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर पुढे चालत राहायचं नाही.

अनवाणी नको. देवळात चप्पल बाहेर ठेवाल तिथे फरशीवर दोन मिनिटं ठीक, पाणंदीने अजिबात नाही. मागे पट्टा असलेली मऊ चप्पल किंवा बूट, आत सुती मोजा. घरी आल्यावर तळपाय बघायचा, स्वतःला दिसत नसेल तर सुनेने किंवा आरसा खाली ठेवून. फोड, चीर, लाली दिसली तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

पहिल्या आठवड्यात देवळापर्यंत जाऊन परत, एवढंच. पाणंद पुढच्या आठवड्यात. त्या बागायतदारांच्या पत्नी जखमेच्या पट्टीसाठी एक दिवसाआड येतात, त्यांचं गाव तुमच्या बाजूलाच निघालं तर त्यांनाही तुमच्यात यायला सांगतो. तुमचं गाव कोणतं ते इथे नको, निरोपात कळवा.